पहिली कळशी ओपन स्पेसला

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक चौकोन आहे. नकाशात त्याला ओपन स्पेस म्हणतात. मी बीडला राहायला आले तेव्हा तिथं गाजरगवत, फुटक्या फरश्या आणि लोळणारी कुत्री, एवढंच होतं. आज तिथं सीताफळाची झाडंच झाडं आहेत, अन् ती सगळी हाफिजामुळं.

हाफिजा आमच्या समोरच्या घरातली. बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावायची. सीझनला डोंगरातली सीताफळं आणायची, अन् पिलपिलीत झालेली घरोघर वाटायची. अट एकच, बिया परत द्यायच्या. पावसाळा लागला की ज्याच्या त्याच्या हातानं त्या चौकात पुरून घ्यायची, घरटी एक झाड. म्हणायची, "शेळी तोंड लावत न्हाई याला, छबुताई. अन् पाणी बी लई मागत न्हाई."

मागत न्हाई म्हणाली, तरी नियम तिनंच लावला. आमच्याकडं नळ दहा-बारा दिवसांनी येतो. आला की पहिली कळशी झाडांना, मग घरात. पहिल्या वर्षी मी लई भांडले. "आधी माणसं का आधी झाडं?"

"पहिल्या पाण्यात पाइपातली घाण येती. ती तुमी पिणार का?"

झालं, पुढच्या नळाला पहिली कळशी मीच नेली.

गेल्या साली आमच्याच गल्लीतले पुढारी बबनराव, त्यांच्या मनात आलं की तिथं दुकानाचे गाळे काढावेत. "ही काय बाग हाय? नुसतं रान हाय," असा त्यांनी अर्ज दिला. पालिकेचा साहेब बघायला येणार होता. त्याला बाग दिसली तर झाडं राहणार, न्हाई तर गाळे. हाफिजा दोन दिवस धड जेवली नाही.

मग मी डोकं चालवलं. बाजारातून झेंडू आणला, काड्यांना टोचला अन् झाडांच्या बुडाशी रोवला.

"कावून खोटं करता, ताई?" हाफिजा म्हणाली.

"तू गप बस."

साहेब आला अकराला. तोवर उन्हानं झेंडूनं माना टाकलेल्या. त्यानं एक फूल धरलं तर काडीसकट हातात आलं. "आजी, याला मूळ कुठाय?" बबनराव पोट धरून हसले. मी पदर तोंडाला लावला. साहेब वही उघडतोय, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

काय सांगू! साहेबाला उन्हात सोडून आम्ही सगळ्या पळालो. बाग अन् गाळे, कुणाच्या ध्यानात राहतंय? घडीभरात बाया कळशा घेऊन आल्या, आपापल्या झाडाशी ओतल्या, पुन्हा पळाल्या. सवयच ती. सगळ्यांच्या पुढं कोण, तर सत्यशीला, बबनरावांची बायको. नवऱ्यालाच म्हणाली, "सरका की, मधी काय उभारलात!"

साहेबानं विचारलं, "वहिनी, हे झाड तुमचं?"

"मग? आमच्या आरोहीच्या बारशाला लावलंय."

साहेब बबनरावांकडं वळला. "आता काय लिहू, तुमीच सांगा."

बबनराव पाण्यानं ओल्या झालेल्या चपला झटकायला लागले. साहेबानं वहीत 'बाग' लिहिलं.

मी धावत हाफिजाला सांगायला गेले. ती हंडा लावून बसलेली. डोळे भरले होते, पण म्हणाली, "सरका ताई, हंडा भरू द्या, नळ जाईल."

यंदा झाडं लगडली. परवा बबनराव चौकातल्या बाकड्यावर सीताफळ खात बसलेले. हाफिजा वाटी घेऊन समोर जाऊन उभी राहिली. बबनरावांनी गाल फुगवले, इकडंतिकडं बघितलं, अन् मुकाट्यानं सगळ्या बिया वाटीत टाकल्या.