त्या घरातलं तुम्हाला कळायचं नाही

पालघरच्या सभागृहात माईक सरांच्या हातात होता. सर म्हणजे निवृत्त प्राचार्य. त्या दिवशी त्यांच्याच कादंबरीचं प्रकाशन होतं. वक्त्यांमध्ये मी शेवटची. माझी ओळख करून द्यायला ते स्वतः उठले. म्हणाले, "ह्यांच्या आईकडून आमच्या घरी वर्षानुवर्षं मासे येतात. आई पापलेट साफ करते, लेक पुस्तकं साफ करते."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या एक बाई रुमाल तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मीही हसले.

कादंबरी दोनदा वाचली होती. काय बोलायचं ते पानांवर लिहून नेलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही. "सरांना शुभेच्छा," एवढंच मी म्हणाले, सत्काराचा नारळ घेतला आणि बोईसरला परत आले.

मी नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहिते. बोईसरजवळ सरावलीत खोली घेऊन राहते, शिकवण्या घेते, उरलेल्या वेळात हे. घर किनाऱ्यावरच्या घिवली गावातलं. बाप बोटीवर. आई बोईसरच्या बाजारात मासे विकते. मी मराठीत एम. ए. केलं ते वाचायचं वेड होतं म्हणून. कुणावर उपकार करायला नाही.

एका रविवार पुरवणीचे संपादक मला पुस्तकं पाठवायचे. कोणती? समुद्राची. कोळीवाड्याची. कष्टकरी बायकांची. पाकीट फोडायच्या आधीच कळायचं, आत काय असणार. एकदा मी विचारलं, पुण्यातली ती नवी प्रेमकादंबरी आलीय, तिच्यावर लिहू का? म्हणाले, "त्याला आहेत आपल्याकडे माणसं."

मग मी कोण होते?

सरांची कादंबरी माझ्याकडे आली ती केवळ सर इथले म्हणून. संपादक म्हणाले, "तुमच्याच भागातले आहेत. जरा बरं लिहा."

प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. आई सुरमईचे तुकडे करत होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मंग तू काय बोललीस?"

"काय नाय. हसले."

तेव्हा तिनं वर बघितलं.

"मी मासं साफ करते. त्यात हसन्यासारका काय हाय?"

दुसरं गिऱ्हाईक आलं, ती भाव सांगायला लागली. मी बाजूला बसून राहिले. इतकी पुस्तकं वाचली, पानापानावर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आणि हा साधा प्रश्न भर सभेत मला सुचला नव्हता.

खोलीवर येऊन परीक्षण लिहायला बसले.

कादंबरी एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याची. नवरा आयुष्याबद्दल बोलतो. बायको चहा आणते. तो मृत्यूबद्दल बोलतो. ती चहा आणते. ती आजारी पडते तेव्हाही तिच्या दुखण्याचा अर्थ तोच लावतो. तिला काय वाटतं, हे अख्ख्या पुस्तकात एकदाही येत नाही. लेखकाला यात काही खटकतच नाही. तो याला सहजीवन म्हणतो. एक मासेवालीपण आहे. तिला नाव नाही. वास आहे.

मासेवालीला मी एक ओळ दिली. बाकी सगळं त्या नवराबायकोवर लिहिलं. भाषा जिथं चांगली होती तिथं चांगली म्हटलं. आणि पाठवून दिलं.

संपादकांचा फोन आला.

"तुम्ही त्या कार्यक्रमातलं मनावर घेतलेलं दिसतंय. सर चेष्टेनं बोलले हो."

"परीक्षणात कार्यक्रमाचं काही आहे का?"

"तसं नाही. पण हे जे जोडप्याबद्दल लिहिलंय तुम्ही... कसं सांगू? त्या घरातलं वातावरण तुम्हाला कळायचं नाही. ते संस्कार वेगळे असतात. तो भाग काढू. मासेवालीचं हवं तर वाढवा. ते तुमचं अस्सल असतं."

माझा आवाज चढला नाही. मलाच आश्चर्य वाटलं.

"मी लिहायला लागायच्या आधी आमच्या समुद्रावरच्या पुस्तकांची परीक्षणं तुम्ही दुसऱ्यांची छापलीत. ती लिहिणारे कधी बोटीत बसले होते का? त्यांना कधी विचारलंत, तुम्हाला कळतं का म्हणून?"

"तुम्ही विषय कुठच्या कुठे नेताय."

"एक शब्द काढू नका. काढायचा असेल तर छापू नका."

त्यांनी छापलं नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाचं तरी परीक्षण आलं. 'सहजीवनाचं हळवं चित्रण.' त्यानंतर त्यांचं एकही पाकीट आलं नाही. इतक्या वर्षांची जागा एका फोनवर गेली. चिडचिड अजून गेलेली नाही. रविवारी पेपर आला की पुरवणी न उघडता बाजूला ठेवते.

मध्यंतरी एका त्रैमासिकानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पुस्तक पाठवलं. किनाऱ्यावरच्या लोकगीतांचं. सोबत चिठ्ठी, 'खास तुमच्यासाठी.'

पुस्तक वाईट नव्हतं. तरी परत पाठवलं. कळवलं, की एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याचं जे आत्मचरित्र सगळे वाखाणतायत, त्यावर लिहीन.

उत्तर आलेलं नाही. आत्मचरित्र मी स्वतः विकत आणलंय. निम्मं वाचून झालंय, समासात खुणा करते आहे. छापणारा मिळेल किंवा मिळणार नाही. लिहून मात्र होणार. खाली माझं पूर्ण नाव असेल, आडनावासकट. आणि यापुढे कोणतं पुस्तक मला कळेल, हे दुसरं कुणी सांगायचं नाही.