खांबाला टांगलेला कोयता

साळूबाईच्या तोंडाला अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली चार गावं टरकून असतात, आणि उगाच नाही. गावाला मागच्या जंगलाचा हक्क मिळाला, तेव्हा ग्रामसभेनं ठरवलं: वाळलेलं लाकूड न्या, हिरडा वेचा, करवंदं खा, पण ओल्या झाडाला कोयता लावायचा नाही. राखणीला कोण? सगळ्यांनी एकमुखानं साळूबाईचं नाव घेतलं. तेवढीच गावातली कटकट दिवसभर डोंगरावर जाईल, असाही हिशेब त्यात होता.

दंड पैशाचा नव्हता. साळूबाई चोराचा कोयता आणून मारुतीच्या देवळाच्या खांबाला टांगायची. ज्याचा त्यानं भरदिवसा, सगळ्यांदेखत येऊन काढायचा. एवढंच! पण समोर बसून ही बया तोंडाचा जो पट्टा चालवायची, त्याला भलेभले घाबरायचे.

परवा करवीच्या जाळीत तिला एक कोयता सापडला. चोर पळाला होता, शेजारी ताज्या तोडलेल्या सादड्यांचे खुंट तेवढे उरलेले. तिनं ऐटीत कोयता टांगला आणि जेवताना नवऱ्याला, जालिंदरला, रंगवून सांगू लागली.

"मूठ नवी कोरी हाय बगा. कोन हाय त्यो मुडदा, कळंलच आता!"

जालिंदरला ठसका लागला. पाणी पिऊनही थांबेना. साळूबाईचा घास हातातच राहिला.

"तुमी?"

"मूठ कालच बदलली," तो पुटपुटला. "गपचूप काढून आन की. तुज्याच हातात हाय समदं."

तिला रडूच कोसळलं. आज घरचा कोयता सोडला, तर उद्या अख्ख्या गावाचे कोयते डोंगर चढणार, आणि मग तिला कोण विचारतंय? डोळे पुसून ती तडक पारावर गेली आणि स्वतःच ओरडली, "त्यो कोयता माज्या घरचा हाय! आमचं हे येऊन काढतील, तवाच माजी चूल पेटंल!"

जालिंदरनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेंगदाण्यांवर तग धरला. मग मान खाली घालून निघाला. देवळापुढं जत्रा जमलेली. सगळ्यात पुढं वाल्मिक. त्याच्या लेकीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं.

"या, या! राखणदारणीच्या घरातच चोर!" वाल्मिक खिदळला. "आता राखन दुसऱ्याला द्या रं!"

जालिंदरनं कोयता काढला. पण साळूबाईचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्याची सटकली.

"वाल्मिक, लई दात काढू नगंस! मांडवाला सरळ मेढी पायजेत म्हनून माज्या पाया कोन पडत हुतं? तुज्याच दारात रोवल्यात न्हवं त्या?"

सगळ्यांच्या माना गर्रकन वाल्मिककडं वळल्या. साळूबाईनं पदर खोचला, त्याच्या घरी जाऊन त्याचा कोयता आणला आणि खांबाला टांगला.

"मांडव ऱ्हाऊ द्या. लेकीचं लगीन हाय," ती म्हणाली. "बापाचं मातुर उद्या बगू."

वाल्मिक कोयता न्यायला आला, तेव्हा जालिंदर सगळ्यांच्या पुढं मांडी घालून बसला होता, आणि साळूबाई त्याच्या ताटात गरम पिठलं वाढत होती.