भावाच्या बांधाचा भाव

शाळेत पोरांना मी परिमिती शिकवते. लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन. तेवढ्या जोरावर मला वाटत होतं, की शेताला तारेचं कुंपण घालायला किती खर्च येईल हे आपण घरबसल्या काढू शकतो. मी वहीत काढलंही आणि सासऱ्यांना ऐटीत दाखवलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामांनी वही लांब धरून बघितली आणि म्हणाले, "ह्यात डुक्कर कुठं धरलंय?"

डुकरांनी त्या वर्षी उच्छाद मांडला होता. आमचं रान पुणतांब्याच्या अलीकडे. नदीकाठच्या वेड्या बाभळीतून रानडुकरं निघायची आणि सकाळी जाऊन बघावं तर मक्याच्या चार-पाच सऱ्या आडव्या. मामा सरळ मक्यात उभे राहून डुकरांच्या सात पिढ्या उद्धरायचे. कुंपण करायचं हे ठरलं, आणि ठेकेदाराला बोलावलं.

ठेकेदार आला तो टेप न काढताच रानात फिरत राहिला. आधी पहार मागितली. चार ठिकाणी जमिनीत खुपसून बघितली आणि प्रत्येक वेळी तोंड वाईट केलं. काळ्या रानात पहार लोण्यात गेल्यासारखी गेली, तर म्हणाला, "खांब हलणार, काँक्रीट जास्ती लागंल." वरच्या मुरमात पहार टणकन वाजली, तर म्हणाला, "खड्ड्याची मजुरी वाढली." म्हणजे जमीन मऊ असली तरी महाग आणि कडक असली तरी महाग. मी विचारलं, स्वस्त जमीन कशी असते? म्हणाला, "बाई, तशी मी अजून बघितली न्हाई."

मग त्याने टेम्पो कुठपर्यंत येतो ते बघितलं, पाणी किती लांब आहे ते विचारलं, कोपरे मोजले. कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंनी टेकू लागतात, त्यामुळे वाकड्या रानाचा खर्च वाढतो. सगळं झाल्यावर खाटेवर बसून त्याने खिशातली लग्नपत्रिका काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडले. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, मजुरीसकट फुटाला ऐंशी. मामांनी सवयीने पंचावन्नपासून सुरुवात केली. मामा देवळापुढच्या नारळवाल्याशीही घासाघीस करतात, म्हणून मी चहा ठेवायला उठले. चहा घेऊन आले तर सौदा बहात्तरवर आला होता.

"आता येक सांगा," ठेकेदार म्हणाला, "पल्याडचा बांध कुनाचा?"

"धाकट्या भावाचा."

"बोलता का?"

मामांनी चहाची बशी तोंडाला लावली.

ठेकेदाराने पत्रिकेवर एक रेघ मारली. "त्या बाजूला फुटाला पंधरा जास्ती."

मामा खाटेवरून उठलेच. "का म्हनून? माझा भाऊ काय तार खातो?"

"तार न्हाई खात, खांब उपाटतो. तुमचा न्हाई म्हनत मी, भाऊ म्हनजे कुनाचाबी. निम्मं काम झालं की भाऊ येतो. मंग मोजनी काढा म्हनतो. मंग तलाठी, मंग पोलीस. माझी मानसं बसून भाकरी खात्यात, त्यांचा रोज कोन देनार? सोनईकडं येका बांधावर तीन बाऱ्या खांब लावलेत मी. डुकराचा भरवसा हाय, त्ये आलं तसं जातं."

मामा आणि हा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे चुलत सासरे, अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण विचारलं तर नांगराचं एक तास, म्हणजे फाळाची एक रेघ. ट्रॅक्टरवाल्याने बांधाच्या कडेला एक तास जास्त घेतलं, ते कुणाच्या सांगण्यावरून घेतलं एवढाच वाद. तो ट्रॅक्टरवाला मात्र दोघांकडेही चहा पीत होता. लग्न होऊन आल्यापासून मी हा अबोला बघत होते आणि मला त्याचा मनापासून राग यायचा. दोन घरांत दोनशे पावलांचं अंतर, आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायला आम्ही जावा-जावा चोरून भेटायचो.

"पंधरा कमी व्हायला कायतरी मार्ग असंल की," मामा म्हणाले.

"हाय ना. आखनीच्या दिशी दोरीचं येक टोक तुमी धरायचं, दुसरं भावानं. सही नको, स्टॅम्प नको. ज्यानं दोरी धरली त्यो खांब उपाटत न्हाई."

"सूनबाई धरील की."

"बांधाचं भांडान त्यांचं हाय का?"

मामांनी दुसरा ठेकेदार गाठला, शिर्डीकडचा. त्याने तोच प्रश्न विचारला आणि वीस रुपये जास्त सांगितले. मग मीच हिशेब पुढे ठेवला. ती बाजू चारशे फूट, पंधराने सहा हजार. "मामा, सहा हजार देऊन गप्प बसायचं, का फुकट बोलायचं, ते ठरवा," म्हटलं. जरा जास्तच तडकून बोलले, पण बोलले.

मामांनी टोपी घातली आणि निघाले. बांधापर्यंत जाऊन परत आले, म्हणाले, ऊन आहे. संध्याकाळी पुन्हा निघाले, पुन्हा परत, आता म्हणे धारेची वेळ आहे, बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरजण मागायचं निमित्त काढून वाटी घेऊन मागोमाग गेले, म्हणजे परतायची वाट बंद.

चुलत सासरे गोठ्यापुढे चारा टाकत होते. मामा त्यांच्याकडे न बघता म्हशीपुढे उभे राहिले आणि म्हशीलाच म्हणाले, "डुकरं लई झाली."

"व्हय," पलीकडून.

"तारेचं करतोय."

"बरं हाय."

"दोरी धराय मानूस लागतंय."

चुलत सासऱ्यांनी धोतराला हात पुसले. "कवा?"

संपली अकरा वर्षं. मला हसावं का रडावं कळेना. मी वाटी घेऊन तशीच उभी.

आखणीच्या दिवशी दोघे दोन टोकांना उभे राहिले आणि दोरी ताणताच भांडण सुरू झालं. "दादा, तू चार बोटं आत घुसलायस." "तू आधी डोळं तपास." मी घाबरून ठेकेदाराकडे बघितलं, तर तो निवांत तंबाखू मळत होता. म्हणाला, "भांडू द्या. तोंडानं भांडतात तवर खांब सुरक्षित." तासाभराने दोरी कुठेतरी मधे स्थिरावली, चुना पडला, आणि त्याने पत्रिकेवरचे पंधरा रुपये खोडले.

मग त्याने शेवटचं विचारलं, "ह्या बाजूला फाटक ठेवायचं का?"

चुलत सासरे हळू आवाजात म्हणाले, "ठेवलंच तर मानसापुरतं. चार फुटी बास."

"ट्रॅक्टर जाईल येवढं कर," मामा म्हणाले. "पाऊस झाला की ह्याला खालून गाळातनं जावं लागतं. हिकडनं जाईल."

"दादा, राहू दे."

"तुला इचारलं का?"

ठेकेदाराने पत्रिका पालथी केली. बारा फुटी फाटक, दोन पल्ले, बिजागऱ्या, दोन बाजूंचे जाड खांब. "चौदा हजार," म्हणाला, आणि पेन तसंच वर धरून मामांच्या घासाघिशीची वाट बघत बसला. आता नऊपासून सुरू होणार, असं मीही धरून चालले होते.

मामा भावाकडे बघत होते. "लिव्ह," म्हणाले.

ठेकेदार इतका गोंधळला, की त्याने आपणहून पाचशे कमी केले.