हळद बसेना

माझ्या धाकट्या बहिणीने जाण्याच्या तीन आठवडे आधी माझ्याकडून एकच वचन घेतलं. ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याला कुणाला हळद लावू द्यायची नाही.

आपण किती दिवसांच्या सोबती आहोत हे तिला कळलं होतं. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं आमच्यात काय करतात तेही माहीत होतं. शेवटची अंघोळ, हिरवी साडी, कपाळभर कुंकवाचा मळवट, आणि ह्या सगळ्याआधी बायकांनी मिळून तोंडभर थापलेली हळद. पित्तनलिकेच्या कॅन्सरने ती आधीच डोळ्यांच्या पांढऱ्या भागापर्यंत पिवळी झाली होती.

"ताई, आहे तेवढी हळद पुरे," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. मी हो म्हटलं.

तिचं आणि हळदीचं वैर जुनं होतं. मी गोरी, ती सावळी. आई दर रविवारी तिला मोरीत बसवून हळद आणि बेसन घासायची, कातडी लाल होईपर्यंत. ती दहावी होईपर्यंत हे चाललं. मला साबण मिळायचा. मी बाहेर पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि तिचं रडणं ऐकून माझं एखादं पानही चुकायचं नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पुढे ती पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये लागली. नव्या मुलींना घड कसा धरायचा ते शिकवणं हे तिचं काम. मण्यांवर पांढुरकी, भुकटीसारखी साय असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि मणी चकचकीत दिसतो. असा घड परदेशी पाठवत नाहीत. म्हणून देठाला धरायचं, मण्याला शिवायचं नाही. दिवसभर हे शिकवून घरी आली की ती मोबाइलवर कोरियन मुलींचे व्हिडिओ बघायची. त्यांचे चेहरे काचेसारखे. मग एकेक बाटली कुरियरने येऊ लागली. तेल, फेस, पाण्यासारखं टोनर, चिकट सीरम, कापडी मास्क, क्रीम, शेवटी उन्हाची क्रीम. सात पायऱ्या, सकाळ-संध्याकाळ. घासायचं नाही, बोटांच्या टोकांनी थापटायचं.

"गोरं नाही व्हायचंय गं मला," ती सांगायची. "ओलं दिसायचंय. आताच तोंड धुतल्यासारखं."

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माझं बोलणं कमी, पण जे असतं ते टोचणारं असतं. मी चार माणसांत तिला विचारलं, "काळी काच कुठे मिळते?"

"गॉगलची असते की, ताई," ती म्हणाली. सगळे हसले. ती नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आजारपणात मी तिच्या नाशिक रोडच्या घरी राहायला गेले. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली आहेत, मला थांबवणारं कुणी नव्हतं. काविळीने तिच्या अंगाला इतकी खाज सुटे की ती नखांनी रक्त काढायची. कोरड्या त्वचेचे पापुद्रे उशीवर पडत. डॉक्टरांनी त्वचा ओली ठेवा एवढंच सांगितलं. मग त्या सात बाटल्या माझ्या हातात आल्या. पहिल्या दिवशी तिने माझं मनगट धरलं. "ताई, भांडी घासतेस का? थाप. पाऊस पडल्यासारखं नको, दव पडल्यासारखं." चौथ्या दिवसापर्यंत मला जमलं. मी थापटत असताना ती खाजवायची थांबे, कधी झोपून जाई. आमच्या चाळीस वर्षांत मी तिच्या चेहऱ्याला हात लावल्याचे तेवढेच दिवस.

ती एका सकाळी गेली. तिचा नवरा पहिल्या पाळीला अंबडच्या कारखान्यात गेला होता. तिच्या सासूबाई कॉलनीतल्या देवळात होत्या. त्यांना यायला अर्धा तास लागे.

मी त्याला फोन केला नाही. आधी दार लावलं आणि बाटल्या घेतल्या. दार उघडलं की ती माझी राहणार नाही हे मला माहीत होतं. मी विधवा, सवाष्णीच्या तयारीत मला हात लावू देणार नव्हते. मी सातही पायऱ्या केल्या. कापडी मास्कची वेळ घड्याळ लावून पाळली. क्रीम नेहमीपेक्षा जाड दिली. उन्हाची क्रीमही लावली, तिला बाहेर न्यायचं होतं. मग तिच्या नवऱ्याला फोन केला. तो अर्धा तास मी त्याच्याकडून घेतला, आणि अजून त्याला सांगितलेलं नाही.

सासूबाई आल्या, रडल्या, मग चेहरा बघून थांबल्या. "बघा गं, काय तेज हाय! सवाष्ण गेली, पुण्यवान." शेजारच्या बायकांनीही मान डोलावली. मला अभिमान वाटला.

पाट मांडला, हळद कालवली. मी पुढे झाले. "मावशी, तोंडाला नको. तिची इच्छा होती."

"मास्तरीणबाई, तुमी तिकडं दारात थांबा. ह्यात तुमचं काम नाय."

मी दारात थांबले. 

आणि हळद बसेना. क्रीमवरून ती ओघळून मानेवर, अंगावरच्या कपड्यांवर गळत होती. सासूबाईंनी पुन्हा थापली, पुन्हा ओघळली. "काय चोपडलंय इला? बेसन आण गं डब्यातलं." कुणीतरी बेसन आणलं. त्यांनी ते तिच्या गालांवर टाकलं आणि तळहाताने घासायला लागल्या, खरकटं कढईचं निघावं तसं. आजाराने पातळ झालेली कातडी गालावर एका ठिकाणी सुटली.

"मावशी, लागेल तिला," मी म्हटलं.

"तिला काय लागतंय आता!"

मी काही लावलं नसतं तर एक हात फिरवून त्या मोकळ्या झाल्या असत्या.

तेराव्यानंतर मी माझी पिशवी भरत होते. सासूबाई त्या सात बाटल्या घेऊन आल्या. सुतकात आलेल्या बायकांसमोर विचारता आलं नव्हतं, म्हणाल्या. "त्या दिवशी माझे हात दोन दिस लोण्यासारखे होते. लय भारी वस्तू दिसती. कशी लावायची ते दाखवा की. टाकून काय द्यायची?"

त्या पलंगावर बसल्या, तिच्याच जागेवर. डोळे मिटले आणि चेहरा माझ्यापुढे वर केला. माझा, विधवेचा हात आता चालत होता.

मी तेल घेतलं. बोटांची टोकं आपोआप थापटायला उठली. मी ती मिटली, तळहात त्यांच्या गालावर ठेवला आणि घासायला सुरुवात केली.

"असंच असतं का?" त्यांनी विचारलं.

"असंच," मी म्हटलं.

सुरकुत्यांतली कातडी तळहाताखाली मागेपुढे सरकत होती. गाल लाल व्हायला लागला.

"लागतंय गं," त्या म्हणाल्या.

मी दुसरा गाल घेतला.