सुई खाली ठेवणाऱ्या बाई

गंगाखेडकडच्या त्या बाईंनी नांदेडच्या विमानतळावर माझं डोकं उठवलं होतं. तपासणीच्या रांगेत त्या माझ्यापुढे होत्या, काखेत नातवासाठी शिवायला घेतलेली अर्धवट गोधडी. जवानाने गोधडीत खोचलेली सुई मागितली. बाईंनी ती काढून फरशीवर ठेवली. "हातात द्या," तो म्हणाला. बाईंनी सुई उचलली आणि पुन्हा फरशीवरच ठेवली.

विमानाची वेळ होत आलेली, मागे रांग तुंबलेली. मीही त्यांच्याच परभणी जिल्ह्यातला, त्यामुळे लाजही मलाच वाटली. मी खेकसलो, "अहो मावशी, द्या की त्याच्या हातात!"

"हातात सुई दिली की भांडण लागतंय, दादा. त्या लेकराचं अन् माजं काय वाकडं हाय?"

इकडे अख्खी रांग भांडायला उठली होती, त्याचं काही नाही! शेवटी जवानानेच हात टेकले. वाकून सुई उचलली, निरखली, बाईंच्या पिशवीतली मोठी कात्री तेवढी काढून घेतली आणि सुई परत फरशीवर ठेवली.

विमानात त्या नेमक्या माझ्याच शेजारी आल्या. मी तोंड फिरवून बसलो. त्यांनी गोधडी मांडीवर पसरली, बराच वेळ दोरा ओवत बसल्या, पण जमेना.

"दादा, तेवढा दोरा ओवून देता का? मला लय बारीक दिसंना."

मी वैतागूनच हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि सुई समोरच्या फळीवर ठेवली.

"तुमच्यासंगं बी भांडण नगं मला."

मी दोरा ओवला आणि सुई फळीवरच ठेवली.