जप्त गाडीतली सवारी

दोस्तहो, डोकं फिरलंय. आज सकाळी पडेगावजवळ पोलिसांनी आमची जुगाड गाडी अडवली. जुन्या मोटारसायकलला मागं लोखंडी हौदा जोडून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः बनवलेली. अर्ध्या गावाची भाजी तीच मंडईत नेते.

अण्णांच्या निम्म्या वयाचे साहेब म्हणले, "ही गाडी रस्त्यावर चालवायच्या लायक नाय. जप्त!"

ओढून न्यायला क्रेन मागवली, ती आलीच नाय. मग अण्णांनाच म्हणले, "तूच चालवत आण ठाण्यात." आणि दोन हवालदार आमच्या कोथिंबिरीवर मांडी घालून बसले!

वर अण्णाच त्यांना सांगतात, "घट्ट धरा साहेब, पुढं खड्डा हाय."

ठाण्यात उतरून त्यांनी पँट झटकली आणि चावी घेतली.

एवढी धोक्याची गाडी होती, तर बसताना यांना भीती कशी वाटली नाय?