भाचीसाठी हॉस्टेल पाहायला रामटेकच्या रस्त्यावर

पावसाळा संपेपर्यंत राहायच्या बेताने मी हिमाचलची बॅग भरत होते आणि गडचिरोलीहून ताईचा फोन आला. "तू एवढी भटकतेस, तर एक दिवस आमच्या कामाचं भटक ना वं!"

काम असं, की भाऊजींची दर तीन वर्षांनी बदली होते आणि माझी भाची पूर्वा आठवीपर्यंत चार शाळा फिरली आहे. नववीपासून तिला नागपूरजवळच्या निवासी शाळेत ठेवायचं ठरलं. दोन शाळा निवडल्या होत्या, अर्जाला चार दिवस उरले होते, ताईला सुट्टी मिळत नव्हती. आणि शाळा पारखायला पाठवलं कोणाला, तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेल्या मला. पूर्वा आदल्या संध्याकाळी एसटीने माझ्या प्रताप नगरच्या खोलीवर आली. "कोणती शाळा, ते तूच ठरवायचं," असं ताईने तिला सांगून ठेवलं होतं.

सकाळी साडेसातला स्कूटी काढली. मार्च असला तरी उन्हाच्या आत निघालेलं बरं. तर्रीपोहे खाऊनच निघा, कामठीच्या पुढे मनासारखे मिळत नाहीत. कन्हानचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा आणि गुळगुळीत, फक्त ट्रकवाल्यांना वाट देत राहायची.

पहिली शाळा हायवेलाच होती. काचेचं ऑफिस, पोहण्याचा निळा तलाव, आणि फाईल छातीशी धरून बोलणाऱ्या एक मॅडम. कॉम्प्युटर दाखवले, बक्षिसाच्या ढाली दाखवल्या. हॉस्टेल मात्र प्रवेश झाल्यावरच पाहता येतं म्हणे. भेटीगाठी नाहीत, शनिवारी व्हिडिओ कॉल, घरी फक्त सुट्टीत. "मुली लवकर रुळतात अशाने," मॅडम म्हणाल्या. कोरा अर्ज घेऊन बाहेर आल्यावर पूर्वाला विचारलं, कसं वाटलं?

"मॉलसारखं."

दुसऱ्या शाळेची वेळ दुपारी दोनची, रामटेकच्या पुढे. आता चूक माझी. रामटेकला यायचं आणि गडावर जायचं नाही, हे माझ्याने होत नाही. पायऱ्या चढलो, माकडाने पूर्वाच्या हातातली काकडी पळवली, वरून खाली धानाची कापलेली शेतं आणि तळं पाहत बसलो. त्यात एका बाईने जवळच्या दुसऱ्या तळ्याची वाट सांगितली, मग तिकडेही गेलो. शाळेच्या गेटवर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

प्रिन्सिपल निघून गेले होते. रेक्टरबाई म्हणाल्या, "आता मुली कपडे धुऊन राहिल्या. चालत असेल तर या आत."

ढाली नाहीत, तलाव नाही. एक लांब हौद, भोवती वीसेक मुली, साबणाचं पाणी आणि कलकलाट. प्रत्येक बादलीवर नेलपॉलिशने नाव लिहिलेलं. एका उंच मुलीने पूर्वाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवीन आली काय वं?"

"पाहाले आली."

"पाहून घे. येशील तं बादली लाल नको आणू, सगळ्यांच्या लालच हायेत. इथं फक्त बादली हरवते."

"रडाले येते काय?" पूर्वाने हळूच विचारलं.

"पहिले पंधरा दिवस. मंग टाइम नाही भेटत."

सगळ्या हसल्या, पूर्वाही हसली. दहा मिनिटांत ती कुणाच्या तरी चादरीचं दुसरं टोक धरून पिळत होती. पाहायला जाणार असाल तर एक सांगते, अशा वेळीच जा.

कोरा अर्ज हातात देताना रेक्टरबाईंनी एका रकान्यावर बोट ठेवलं. स्थानिक पालक. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या माणसाने स्वतः यायचं, नमुन्याशी सही जुळली तरच मुलीला दिवसभर बाहेर नेता येतं. फोन चालत नाही, बदली माणूस चालत नाही. "ज्या मुलीचं कोणी येत नाही, ते गेटापाशीच बसून राह्यते. जेवाले बोलावलं तरी उठत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वाने नाही पाहिलं.

परतताना मनसरला चहाला थांबलो. पूर्वा कपाकडे पाहत म्हणाली, "मावशी, मी पहिल्या शाळेत जाते."

"काहून वं? मॉलसारखी वाटली ना ते तुले?"

"तिथं कोणालेच कोणी भेटाले येत नाही. मग वाईट नाही वाटत."

ती रागावलेली नव्हती, हिशोबाने बोलत होती. तिच्या मागच्या वाढदिवसाला येते असं सांगून मी ओरिसातच राहिले होते, त्याच्या आधीच्या वर्षी कुठे होते ते मलाही आठवेना. अख्ख्या नागपुरात तिचं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तिने मला मोजूनच नाही म्हटलं होतं. आवडलेली शाळा सोडून. मी चहा संपवला. शपथ घ्यावी असं फार वाटत होतं, पण माझ्या शपथा तिने ऐकलेल्या आहेत.

घरी आल्यावर मी दुसऱ्या शाळेचा अर्ज काढला आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली तीन नमुना सह्या. तिन्ही वेगळ्या आल्या.

"हे काय वं मावशी? अशानं मले गेटावरच ठेवतीन!" पूर्वाने पेन हातात दिला आणि वर्तमानपत्र पुढे सरकवलं. "याच्यावर कर अगोदर."

पन्नासेक सह्या केल्या असतील. ती मास्तरणीसारखी बाजूला बसून होती.

"एखादा रविवार चुकली तं?"

"आईले सांग."

"आईले काहून? रेक्टर मॅडमलेच सांगतो, मावशीचं नाव खोडा म्हणून."

"चालते."

मग तिने दुसऱ्या शाळेच्या अर्जावर स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. पहिल्या शाळेचा अर्ज घडी करून पाण्याच्या माठाखाली सारला.

अर्ज पोचला, जुलैत शाळा सुरू होईल. या प्रवासाचे माझ्याकडे चारच फोटो आहेत, त्यातले दोन माकडाचे. हिमाचलची बॅग रिकामी करून ठेवली आहे. एका महिन्याच्या दुसऱ्या रविवारापासून पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारापर्यंत चार आठवडे मिळतात, कधी पाच. नागपूर देशाच्या मधोमध आहे, हे लहानपणापासून ऐकत आले. सध्या रोज नकाशा उघडून पाहते, चार आठवड्यांत इथून कुठवर जाऊन परत येता येतं. बरंच लांब जाता येतं.